दगड फ्रान्समध्ये, तळं कॅनडात : युद्धात मेलेल्या एका गनरची आठवण कोण जपतं?

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांताचा मोठा नकाशा उघडला, की उत्तरेकडे निळ्या ठिपक्यांचा सडा पडलेला दिसतो. तळीच तळी. त्यातल्या कितीतरी तळ्यांना माणसांची नावं आहेत, आणि ती राजांची किंवा गव्हर्नरांची नाहीत. कोणी शेतकऱ्याचा पोर, कोणी कारखान्यातला कामगार, कोणी नुकताच शाळेतून बाहेर पडलेला. युद्धावर गेले आणि परतले नाहीत, एवढंच त्यांच्यात सामाईक. या प्रांतातल्या ४,२०० हून जास्त तळ्यांना, बेटांना आणि आखातांना अशी नावं दिलेली आहेत. त्यांतच एका ठिकाणी तीन तळी मिळून 'मायनार्स्की लेक्स' आहेत.

ज्याच्या नावाची ही तळी, तो अँड्र्यू मायनार्स्की मात्र अटलांटिकपलीकडे आहे. फ्रान्समध्ये आमियाँ शहराच्या पूर्वेला मेआरिकूर नावाचं खेडं आहे, तिथल्या गावच्या दफनभूमीत. त्याची आई मॅनिटोबातल्या विनिपेग शहरात होती. मग मुलाला घरी का आणलं नाही? ठरवलं कोणी? त्या दगडावर काय लिहायचं, ते कोणाला विचारून लिहिलं? आणि आज तिथलं गवत कोण कापतं? हे प्रश्न साधे वाटतात, पण त्यांच्यामागे शंभर वर्षांची एक यंत्रणा उभी आहे. ती मायनार्स्कीला धरूनच समजून घेऊ.

त्या रात्री काय झालं

लँकेस्टर हे चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान. आत सात माणसं : पायलट, फ्लाइट इंजिनिअर, नेव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, वायरलेसवाला आणि दोन गनर, म्हणजे मशीनगन चालवणारे. एक गनर विमानाच्या पाठीवरच्या काचेच्या घुमटात, दुसरा थेट शेपटीच्या टोकाला. मायनार्स्की पाठीवरचा गनर होता. विनिपेगमधल्या पोलिश स्थलांतरित कुटुंबातला, जन्म १९१६ चा. वडील लवकर गेले म्हणून फरच्या कारखान्यात काम करून घर चालवायला हातभार लावलेला. १९४१ मध्ये कॅनडाच्या हवाई दलात भरती झाला आणि पुढे ४१९ स्क्वाड्रनमध्ये आला. तळ उत्तर इंग्लंडमधल्या मिडलटन सेंट जॉर्जला.

१२ जून १९४४. दोस्त राष्ट्रांचं सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरून सहा दिवस झाले होते. जर्मन कुमक रेल्वेने पुढे येऊ नये म्हणून उत्तर फ्रान्समधल्या कांब्रेच्या रेल्वे यार्डावर बॉम्ब टाकायचे होते. या सात जणांची ती तेरावी मोहीम. मध्यरात्रीनंतर, म्हणजे १३ जूनला, खालून आणि मागून एका जर्मन युंकर्स ८८ विमानाने गोळीबार केला. डाव्या बाजूची दोन्ही इंजिनं गेली, आग लागली, आणि विमानाचा कॅप्टन, म्हणजे पायलट, आर्ट डी ब्रेनने सगळ्यांना उड्या मारायला सांगितलं.

मायनार्स्की दारापाशी पोहोचला आणि त्याने मागे वळून पाहिलं. शेपटीतला गनर पॅट ब्रॉफी अडकला होता. त्याचा घुमट फिरवणारी हायड्रॉलिक यंत्रणा बंद पडली होती, आणि हाताने फिरवायचा दांडाही तुटून हातात आला होता. मधल्या भागात आग. मायनार्स्की त्या आगीतून रांगत मागे गेला. आधी कुऱ्हाडीने, मग नुसत्या हातांनी घुमट हलवायचा प्रयत्न केला. त्याचे कपडे पेटले, पॅराशूटही पेटलं. ब्रॉफीने खुणेने त्याला जायला सांगितलं. तो मागे सरकला, दारापाशी ताठ उभा राहिला, सलाम केला आणि रोज रात्री निरोप घेताना म्हणायचा तसं 'गुड नाइट, सर' म्हणाला. मग उडी मारली. जमिनीवर पोहोचला तेव्हा जिवंत होता, पण इतका भाजला होता की थोड्याच वेळात गेला. वय सत्तावीस.

ब्रॉफी मात्र वाचला. विमान झाडांना धडकलं, शेपूट तुटली आणि घुमटासकट तो बाहेर फेकला गेला. बाकीचे पाचही जण जगले. आगीतून मागे जाणारा मायनार्स्की पाहिला होता तो एकट्या ब्रॉफीने. तो त्या धडकेत गेला असता, तर कागदावर एवढंच उरलं असतं : एक गनर, भाजून मृत्यू. त्याने आणि कॅप्टनने नंतर दिलेल्या साक्षीमुळे १९४६ मध्ये मायनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, जाहीर झाला.

मायनार्स्कीचं स्क्वाड्रन ज्यात होतं त्या ब्रिटिश बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे हवाई दलाच्या बॉम्बफेकी विमानांच्या विभागात, युद्धभरात सुमारे १ लाख २५ हजार माणसांनी उड्डाणं केली. त्यातले ५५,५७३ मेले. म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस. एका माणसाने साधारण तीस मोहिमा पुऱ्या केल्या की त्याची पाळी संपायची, पण तीसपर्यंत पोहोचणं हेच मोठं काम होतं. यातल्या बहुतेकांच्या बाबतीत सांगायला कोणी ब्रॉफी उरला नाही. सातच्या सात गेले. मग त्यांची आठवण कशावरून बांधायची?

ओळख पटवण्याचं काम

तळावर विमान परत आलं नाही की घरी तार जायची : मुलगा 'बेपत्ता' आहे. पुढचे काही महिने त्या एका शब्दावर काढायचे. साधारण सहा महिन्यांनंतर काहीच कळलं नाही, तर 'सरकारी कामकाजापुरता मृत समजण्यात येत आहे' अशा अर्थाचं पत्र यायचं. आपल्याकडे देह पाहिल्याशिवाय, अग्नी दिल्याशिवाय मरण मनाला पटत नाही. तिकडच्या आयांचंही तेच होतं. सरकारी कामकाजापुरता मेलेला मुलगा स्वयंपाकघरात मेलेला नसतो.

युद्ध संपताना ब्रिटिश हवाई दलाच्या यादीवर असे सुमारे ४२ हजार बेपत्ता होते. त्यांना शोधायला हवाई दलाने खास पथकं पाठवली. युद्ध संपल्यावर ती अनेक वर्षं युरोपभर खेड्याखेड्यांतून फिरत होती. गावात शिरायचं, महापौराला, पाद्र्याला, थडगी खणणाऱ्याला भेटायचं. इथे विमान कधी पडलं? किती देह मिळाले? कुठे पुरले? जर्मनांनी अनेकदा मृत वैमानिकांची नोंद ठेवून, रीतसर दफन केलं होतं आणि ती माहिती रेडक्रॉसमार्फत पलीकडे पोहोचवली होती. पण नोंदी चुकीच्याही असायच्या, आणि कित्येक थडग्यांवर नुसतं 'अज्ञात इंग्रज' असायचं.

मग थडगं उघडावं लागायचं. हे काम करणारे तरुण काही डॉक्टर नव्हते, हवाई दलाचेच अधिकारी आणि सैनिक होते. गळ्यातली ओळखचकती आगीत टिकायची नाही, म्हणून ते इतर खुणा शोधायचे. कपड्याचा रंग : ब्रिटिशांचा गणवेश करडा-निळा, ऑस्ट्रेलियनांचा गडद निळा. बाहीवरच्या पट्ट्या सार्जंटच्या की अधिकाऱ्याच्या? धोब्याची खूण, बोटातली अंगठी, बुटाचा नंबर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंजिनावर किंवा बंदुकीवर कोरलेला क्रमांक. तो मिळाला की विमान कळतं, आणि विमान कळलं की त्या रात्री त्यात बसलेल्या सात जणांची नावं तळावरच्या वहीत असतातच. तिथून पुढे नुसती वजाबाकी. सातातले दोघे युद्धकैदी होते, तिघांची ओळख पटली, म्हणजे उरलेले दोन देह कोणाचे हे ठरतं, फक्त कुठला कोणाचा ते ठरत नाही. अशा वेळी सामूहिक थडगं करतात आणि दगड एकमेकांना चिकटवून लावतात. युद्धकबरींच्या रांगेत कुठे दोन-तीन दगड मधली जागा न सोडता खांद्याला खांदा लावून उभे दिसले, तर समजावं की हे एकाच विमानातले आहेत.

यात एक बारकावा आहे. जर्मनीत मिळालेले देह तिथेच न ठेवता मोजक्या मोठ्या दफनभूमींत एकत्र आणले गेले. त्यातली राइक्सवाल्डची जंगलाकाठची दफनभूमी सगळ्यात विस्तीर्ण. तिथे सुमारे चार हजार हवाई सैनिक आहेत. फ्रान्स, बेल्जियम, नेदरलंड्समध्ये मात्र गावकऱ्यांनी जिथे पुरलं होतं तिथेच अनेकांना राहू दिलं. म्हणून फ्रान्समधल्या एखाद्या लहानशा गावात, स्थानिक आजी-आजोबांच्या थडग्यांशेजारी, एका कोपऱ्यात पाच-सात पांढरे दगड अचानक दिसतात. मायनार्स्कीचाही असाच, मेआरिकूरच्या गावदफनभूमीत.

हे काम संपलेलं नाही. १९४३ मध्ये पडलेलं एक स्टर्लिंग विमान नेदरलंड्समधल्या मार्करमीर जलाशयाच्या तळातून २०२० मध्ये बाहेर काढलं. सत्त्याहत्तर वर्षांनी.

घरी का नेलं नाही

याचं उत्तर पहिल्या महायुद्धात आहे. १९१५ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनचे माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा नातू फ्रान्समध्ये मारला गेला. घराणं वजनदार, त्यामुळे त्याचा देह इंग्लंडला आणला गेला. त्यानंतर लगेच देह मायदेशी आणायला बंदी आली. कारण उघड होतं. ज्याच्या ओळखी आणि पैसा, त्याचा मुलगा घरी येणार, आणि गिरणी कामगाराचा तिथल्याच चिखलात राहणार. युद्धात दोघे एकाच खंदकात होते, मग मेल्यावर असा फरक का? फ्रान्सने त्याच वर्षी कायदा करून या थडग्यांसाठी जमीन कायमची दिली. १९१७ मध्ये फेबियन वेअर यांच्या प्रयत्नातून युद्धकबरींचा आयोग स्थापन झाला. तोच आजचा कॉमनवेल्थ युद्धकबर आयोग. त्याचा नियम सरळ होता : जनरल असो की शिपाई, दगड एकाच आकाराचा.

हे आज फार उदात्त वाटतं, पण त्या वेळी लोक चिडले होते. एका बिशपची पत्नी लेडी फ्लॉरेन्स सेसिल, जिचे तीन मुलगे युद्धात गेले होते, तिने १९१९ मध्ये आठ हजारांवर सह्यांचा अर्ज दिला. सपाट दगड नको, आमच्या मुलाच्या डोक्याशी क्रूस हवा. तिला नकार मिळाला. माझं मत विचाराल तर आयोगाचं तत्त्व बरोबर होतं, पण त्या बाईचं म्हणणंही चूक नव्हतं. मुलगा सरकारने मागून नेला, आणि त्याच्या उशाशी काय उभं करायचं हेही सरकारच ठरवणार.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. दुसऱ्या युद्धानंतर त्यांनी कुटुंबांना विचारलं : घरी आणायचं की तिथेच ठेवायचं? सुमारे १ लाख ७१ हजार देह जहाजांनी परत गेले. उरले त्यांच्यासाठी परदेशात मोठ्या दफनभूमी आहेत. नेदरलंड्समधल्या मारग्रातेन इथे तर स्थानिक डच कुटुंबांनी एकेक थडगं दत्तक घेतलं आहे. फुलं नेतात, अमेरिकेतल्या नातेवाइकांशी पत्रव्यवहार ठेवतात, आणि ही जबाबदारी घरातल्या पुढच्या पिढीकडे जाते. दत्तक घ्यायलाही प्रतीक्षायादी असते.

दगडावर काय असतं

उंची सुमारे ८१ सेंटिमीटर, रुंदी ३८. वर दलाचं चिन्ह, मग क्रमांक, हुद्दा, नाव, मृत्यूची तारीख, वय. मधोमध धर्माची खूण, कुटुंबाला हवी असेल तर. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्याच्या दगडावर त्या पदकाची आकृती कोरतात. आणि अगदी तळाशी, गवताला टेकलेली, घरच्यांची एक ओळ.

या ओळीला मर्यादा ६६ अक्षरांची, मधल्या मोकळ्या जागा धरून. साध्या एसएमएसच्या निम्म्यालाही पुरत नाही एवढी. पहिल्या युद्धानंतर तिला दर अक्षराला साडेतीन पेन्स पडायचे. न्यूझीलंडने ही ओळच नाकारली. त्यांचं म्हणणं, ज्याला परवडेल तोच लिहील, मग समानता कुठे राहिली? एवढ्या जागेत बाप्ये-बायकांनी जे लिहिलं ते कुठल्याही राष्ट्रीय स्मारकापेक्षा जास्त बोलतं. दगडाचा वरचा भाग सरकारचा आणि तळची ओळ घराची, असं मला नेहमी वाटतं. दफनभूमीत लोक वाकून वाचताना दिसतात ते त्या ओळीसाठी.

ज्यांची ओळख पटलीच नाही, त्यांच्या दगडावर 'देवाला ठाऊक' अशा अर्थाचे शब्द आहेत. ते सुचवणारे रुडयार्ड किपलिंग, मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेले. त्यांचा मुलगा १९१५ मध्ये लूसच्या लढाईत बेपत्ता झाला. पुढे किपलिंग आयोगासाठी काम करत राहिले, आणि हजारो अनोळखी थडग्यांवर त्यांचे शब्द कोरले गेले.

ज्यांचा देहच मिळाला नाही, जे समुद्रात पडले किंवा राख झाले, त्यांचं काय? अशांसाठी लंडनजवळ रनीमीडला १९५३ मध्ये एक स्मारक उघडलं. तिथे भिंतींवर २० हजारांहून जास्त हवाई सैनिकांची नावं आहेत. फुलं ठेवायला थडगं नाही, म्हणून लोक नावाखालच्या कडेवर ठेवतात.

अवघड भाग

बॉम्बर कमांडची आठवण सरळ अभिमानाची नाही, आणि कोणी तशी करून दाखवली तर विश्वास ठेवू नये. हेच लँकेस्टर जुलै १९४३ मध्ये हँबुर्गवर गेले, फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनवर गेले. ड्रेस्डेनमध्ये सुमारे २५ हजार माणसं मेली. फ्रान्सला सोडवण्यासाठी फ्रान्सवरच टाकलेल्या बॉम्बनी हजारो फ्रेंच नागरिक मेले. कांब्रेसारख्या यार्डाशेजारी वस्ती असायचीच. या ओझ्यामुळे युद्ध संपताच ब्रिटिश नेते बॉम्बर कमांडपासून जरा अंतर राखू लागले. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये या दलाचं स्मारक उभं राहायला २०१२ उजाडलं. तोवर वाचलेल्यांपैकी बहुतेक गेले होते. त्या स्मारकावर सर्व देशांतल्या बॉम्बहल्ल्यांत मेलेल्यांचीही आठवण कोरलेली आहे, हे बरं केलं.

समान दगडाच्या गोष्टीलाही एक काळी बाजू आहे. २०२१ मध्ये आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल आला. पहिल्या महायुद्धात मेलेले किमान १ लाख १६ हजार जण, मुख्यतः आफ्रिकेतले आणि मध्यपूर्वेतले, नावाने कुठेच कोरले गेले नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. हा आकडा कितीतरी जास्तही असू शकतो. भारतीयांनाही असमान वागणूक मिळाली. आयोगाने माफी मागितली. युरोपात शिपाई आणि जनरल सारखे, पण युरोपबाहेर काळा हमाल आणि गोरा शिपाई सारखे नव्हते.

आपल्या बाजूने

मायनार्स्की गेला त्यानंतर बरोबर सत्तावीस दिवसांनी, १० जुलै १९४४ ला, इटलीत तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे पडले. मराठा लाइट इन्फंट्रीचे, रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे, वय बावीस. आपल्या तुकडीतला एकही माणूस उभा राहिला नाही तेव्हा त्यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली. त्यांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांचं थडगं किंवा समाधी नाही. नाव इटलीतल्या कासिनोच्या स्मारकावर कोरलं आहे, आणि पुतळा माणगावात आहे. कॅनडात तळं, तसा कोकणात पुतळा. नाव घराजवळ कुठेतरी हवंच असतं.

उलट दिशेचंही पाहता येतं, त्यासाठी व्हिसा लागत नाही. पुण्यात खडकीला होळकर पुलाजवळ युद्धकबरींची दफनभूमी आहे. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी विखुरलेली दुसऱ्या महायुद्धातली थडगी तिथे एकत्र आणली. १,६६८ जण आहेत. ब्रिटन, आफ्रिका आणि आणखी कुठून कुठून आलेले. त्यांच्या आया खडकी नकाशावर शोधत बसल्या असतील, जशी मायनार्स्कीची आई मेआरिकूर शोधत असेल. इथलं गवत पुण्यातले माळी कापतात.

घरात कोणी पणजोबा त्या युद्धावर जाऊन परतले नसतील, तर आयोगाच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतं, पैसे लागत नाहीत. एक सांगून ठेवतो : इंग्रज कारकुनाने मराठी आडनाव कसं लिहिलं असेल याचा नेम नाही. घाडगे, घाटगे, गाडगे, सगळी रूपं टाकून पाहा. नावाऐवजी पलटणीने आणि मृत्यूच्या वर्षानेही शोधता येतं. भारतीयांच्या नोंदीत अनेकदा वडिलांचं नाव आणि गावही दिलेलं असतं, आणि जिल्हा जुन्या नावाने, म्हणजे रायगडच्या जागी कुलाबा. नोंद सापडली, की नावाबरोबर 'पॅनल' किंवा 'कॉलम' असा एक क्रमांक दिसेल. तो लिहून घ्या. हजारो नावांच्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर तोच कामाला येतो.